उतारावरची चाचणी

बाबा, समोरच्या घरात नवीन राहायला आलेल्या माणसाने काल एक जुना कॅम्पिंग ट्रेलर आणून ड्राइव्हवेवर उभा केला. आपला होता तसलाच, बटण दाबलं की एक अख्खी भिंत बाहेर सरकते आणि आत पलंगाएवढी जागा होते, तो. आज सकाळी मी चहा घेऊन खिडकीशी उभी होते, तर हा गृहस्थ जमिनीवर उताणा पडून त्या सरकत्या खोलीच्या खालच्या फटीत सिलिकॉन भरत होता. मी कप तिथेच ठेवला आणि घरातल्या सपाता घालून रस्ता ओलांडला. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे, पण अशी धावत जाऊन मी कधी खुपसलं नव्हतं. "नॉट द बॉटम!" मी जवळजवळ ओरडलेच. वरून बंद कर, बाजूंनी बंद कर, पण खालची फट मोकळी सोड, असं त्याला सांगितलं. तो बिचारा उठून बसला, केसांतलं गवत झटकलं आणि खरोखरच्या कुतूहलाने म्हणाला, "हाऊ डू यू नो?" गॅसवर चहा आहे असं काहीतरी पुटपुटून मी परत आले. गॅसवर काही नव्हतं, चहा खिडकीत निवत होता. तुम्हाला जाऊन बारा वर्षं उलटून गेली आणि मी अजून साध्या प्रश्नाला थापा मारते.

तुम्ही आमच्याकडे आलात तो मंदी यायच्या आदला उन्हाळा. आई जाऊन वर्ष झालं होतं. दादाने तुम्हाला मुंबईला विमानात बसवलं आणि मी टोरांटोहून किचनरला घेऊन आले, पाच महिन्यांसाठी. तुमचे जावई आणि मी दोघेही सकाळी आठला ऑफिसला जाणार, नातू दिवसभर समर कॅम्पला, आणि तुम्ही त्या गालिचे घातलेल्या गप्प घरात एकटे. पहिल्या आठवड्यात तुम्ही बेसमेंटपासून वरपर्यंत सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलंत. दुसऱ्या आठवड्यात तेल घालायला काही उरलं नाही. मग एके दिवशी मी दमून घरी येते, तर तुम्ही सिंकशी उभे राहून माझा नॉनस्टिक तवा तारेच्या घासणीने घासताय. लख्ख, चांदीसारखा, वरचा काळा थर पूर्ण गेलेला. किती अभिमानाने दाखवलात तुम्ही तो मला! आणि मी काय म्हणाले? "राहू द्या ना बाबा! तुम्ही काही करू नका हो, नुसते बसा." तुम्ही हात पुसलेत आणि खरंच बसलात. चार दिवस त्या कोचाच्या कडेला, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे. चाळीस वर्षं हातांवर जगलेल्या माणसाला मी हात मांडीवर ठेवायला लावले. त्या चार दिवसांची मला अजून लाज वाटते.

ट्रेलर त्याच सुमाराला आला. ऑफिसातल्या कुणाला तरी तो नकोसा झाला होता आणि तुमच्या जावयांना दर शुक्रवारी जंगलात जाऊन राहायचं खूळ लागलं होतं. तुम्ही हात मागे बांधून त्याच्याभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ऐकलं होतं. हे तर गाडीच्या पाठीवर." बटण दाबून भिंत बाहेर सरकवून दाखवली तेव्हा मात्र थांबलात. "खण आहे की हा! कपाटाचा खण." तेव्हापासून आमच्या घरात त्या खोलीचं नाव खण पडलं ते पडलंच. इंग्रजीशिवाय उत्तर न देणारा तुमचा नातूसुद्धा "मॉम, क्लोज द खण" म्हणायला लागला.

पहिल्या सहलीला आपण ह्युरॉन सरोवराच्या काठी गेलो आणि रात्रभर पाऊस पडला. सकाळपर्यंत आत एक थेंब नाही. जावई खूश. निघताना त्यांनी बटण दाबलं, खण घरघरत आत यायला लागला आणि त्याच्या छपरावर साठलेलं रात्रभराचं पाणी त्याच्याबरोबर आत आलं, बादलीभर, थेट पांघरुणांवर. मुलाची स्लीपिंग बॅग, तुमची शाल, चष्म्याचं घर, सगळं ओलं. मी जावयांवर ओरडतेय, जावई ट्रेलर विकणाऱ्यावर, आणि तुम्ही एकटे हसताय. किती आठवड्यांनी मी तुम्हाला हसताना पाहत होते! "बसचं टप जागचं हलत नाही," तुम्ही म्हणालात. "हे टप पाणी डोक्यावर घेऊन आत येतंय. बघू की काय करायचं ते." मी 'राहू द्या' म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाच्या दयेने मिटलं.

तुमचं काम काय, हे मी इथल्या लोकांना सांगायचे तेव्हा त्यांना मौज वाटायची. कराडबाहेरच्या त्या वर्कशॉपात बसच्या बॉड्या बांधायच्या आणि प्रत्येक नवी बस बाहेर पडायच्या आधी तिला कृत्रिम पावसात उभी करायचे. वर पाइपांची जाळी, पंप सुरू, आणि आत खडू घेऊन तुम्ही. जिथे थेंब दिसेल तिथे खूण. मे महिन्याच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायचे. एकदा तुम्ही मलाही आत बसवलंत, मी नऊ वर्षांची असेन. बाहेर सगळीकडे रणरणतं ऊन आणि आपल्या एकट्या बसवर धो धो पाऊस. "मागच्या बाकावर बस आणि थेंब दिसला की सांग. ही बस पास झाली की उसाचा रस प्यायला जाऊ." मी बसले. बराच वेळ काही नाही. तुम्ही घड्याळ बघून म्हणालात, आता पंप बंद करायला सांगतो, आणि नेमका तेव्हा खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक थेंब ओघळला आणि माझ्या शेजारी पडला. मी त्याच्यावर हात ठेवला. फ्रॉकला पुसला. मला रस प्यायचा होता, बाबा, दुसरं काही नाही.

रस आपण प्यायलो. दुपारी तपासायला आलेल्या साहेबांना तो कोपरा सापडला आणि तुमच्यासकट चार जणांची शनिवारची अर्धी सुट्टी त्या बसच्या खिडक्या पुन्हा बसवण्यात गेली. संध्याकाळी आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीसमोर पाटावर जेवताय, मी ताटातल्या आमटीत बोट फिरवतेय. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "फ्रॉक ओला होता तुझा," एवढंच म्हणालात. मग बऱ्याच वेळाने, "त्या बाकावर उद्या कुणाची तरी म्हातारी बसेल. घाट चढून उतरेपर्यंत भिजत जाईल. ती कुणाला सांगणार? थेंब लपवायचा नाही, पोरी." मार खाल्ला असता तर मी कधीच विसरले असते.

तर तेच सगळं तुम्ही आमच्या ड्राइव्हवेवर मांडलंत. शनिवारी सकाळी मला बागेचा पाइप धरायला लावलात, खण बाहेर सरकवलात, आणि नातवाला घेऊन आत जाऊन बसलात. खडू म्हणून त्याचे रस्त्यावर चित्रं काढायचे जाडे रंगीत खडू. मी ट्रेलरवर पाण्याचा मारा करतेय आणि आतून तुमचा आवाज येतोय, "वर! आता डाव्या अंगाला! हलवू नकोस की पाइप, पाऊस असा नाचत पडतो काय?" कुत्र्याला फिरवायला निघालेल्या शेजारच्या बाई थबकल्या. "इज समबडी इन देअर?" त्यांनी घाबरून विचारलं. माझे वडील आणि माझा मुलगा, मी म्हटलं. त्या घाईघाईने निघून गेल्या. आतून मुलगा किंचाळला, "आजोबा, इट्स ड्रिपिंग! राइट हिअर!" आणि तुम्ही म्हणालात, "शाब्बास! थेंब दिसला की बोलायचं. काही जण लपवतात." खिडकीतून माझ्याकडे बघितलंत तुम्ही ते म्हणताना. मी पाइप थेट त्या खिडकीच्या काचेवर धरला.

वरच्या कडेला तीन खुणा झाल्या, जांभळ्या रंगाच्या. आणि एक खाली, डाव्या कोपऱ्यात जमिनीलगत, तिथे नुसता थेंब नव्हता, चांगली ओल होती. त्या कोपऱ्यासमोर तुम्ही बराच वेळ उकिडवे बसलात. "इथनं येतंय," असा निकाल दिलात.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात तुमचं राज्य होतं. मी ऑफिसातून येते तर तुम्ही चपला घालून दारात तयार, हार्डवेअरच्या दुकानात जायला. तिथे रबराच्या पट्ट्या हातात घेऊन, वाकवून, वास घेऊन बघायचात. दुकानातला पोरगा मदत हवी का विचारायला आला की तुम्ही म्हणायचात, "नो नो. आय सी ओन्ली." खणाच्या चारी बाजूंच्या रबरी पट्ट्या उलट दुमडून बसल्या होत्या, त्या सरळ केल्यात. त्यांना लावायला संगजिरं मागितलंत. किचनरमध्ये संगजिरं कुठून आणू? मी मुलाची उरलेली बेबी पावडर दिली. ती चोळल्यावर रबर चिकटेना आणि सगळ्या ट्रेलरला तान्ह्या बाळाचा वास यायला लागला. वर ॲल्युमिनियमची छोटी पन्हळ लावलीत. खण आत घ्यायच्या आधी शिडीवर चढून छप्पर मॉपने निपटायचं, असा जावयांना नियम घालून दिलात. आणि शेवटी तो खालचा कोपरा. तिथे रबराची पट्टी बसवलीत, वर सीलंट भरलंत आणि अंगठा साबणाच्या पाण्यात बुडवून एका दमात एकसारखा फिरवलात. इतकं सुबक काम त्या ट्रेलरमध्ये कारखान्यानेही केलं नव्हतं. त्यानंतरच्या सहलीत पाऊस पडला, निघताना खण आत घेतला आणि पांघरुणांवर टिपूस आलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही एक पोळी जास्त खाल्लीत. ऑक्टोबरात थंडी पडायच्या आत तुम्ही परत गेलात.

पुढच्या वसंतात पहिला पाऊस झाला आणि मी सहज ट्रेलरचं दार उघडलं. वरून सगळं कोरडं. डाव्या कोपऱ्यात पाय ठेवला तर मोजा भिजला. मी एक जुना टॉवेल आणून तिथे ठेवला. दुसऱ्या पावसानंतर तो पिळला आणि परत ठेवला. आपला फोन दर रविवारी, इंडियन ग्रोसरीत मिळणारं ते फोनकार्ड नाण्याने खरवडून, लांबलचक आकडे दाबून. तुम्ही पलीकडून नातवाच्या खुशालीच्याही आधी विचारायचात, "पाणी येतं का गं?" आणि मी म्हणायचे, "थेंब नाही, बाबा." काय सांगणार होते? त्या पाच महिन्यांत तुम्हाला आमच्याकडे एकच गोष्ट मनासारखी करायला मिळाली होती, तीही गळते म्हणून सांगू? तव्याची आठवण माझ्या मनातून जात नव्हती. मला वाटायचं, मी तुम्हाला जपतेय.

मग पुढच्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी, तुम्ही स्वतःहून फोन केलात. तुम्ही कधी करत नसायचात. मी मुलाचा शाळेचा डबा भरत होते, बाहेर जावई बर्फ शोव्हल करत होते.

"पोरी, आपण चाचणी उतारावर घेतली," तुम्ही म्हणालात. ना कशी आहेस, ना काही.

"काय झालं, बाबा?"

"तुझ्या घरापुढची ती जागा गं. रस्त्याकडे उतरती आहे. आमच्या वर्कशॉपची जमीन सपाट, खाली बघायची मला सवयच नाही. आज शेजारचा उतारावर जीप धूत होता, ते पाणी बघत बसलो आणि ध्यानात आलं. डावा कोपरा खाली होता. बाजूनं शिरलेलं पाणी तिथनं बाहेर पडत होतं. मी म्हटलं, तिथनं येतंय. त्याची जायची वाटच बुजवली मी." मग तुम्ही श्वास घेतलात. "माझी चूक झाली. ती खालची पट्टी काढून टाक. बाकीचं असू दे."

माझी चूक झाली. जन्मात तुमच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. आईनेही ऐकलं नसणार. आणि मला खिडकीतून ट्रेलर दिसत होता, बर्फाखाली पांढरा, आत त्या कोपऱ्यात टॉवेल गोठून लाकूड झालेला. मी म्हटलं, "छे हो बाबा, चूक कसली? अगदी कोरडं आहे. तुम्ही नका त्याचा विचार करू. राहू द्या."

मला वाटलं लाइन गेली. "बरं," तुम्ही म्हणालात. "कोरडं असेल तर असू दे." आणि मग, "डबा भरत असशील ना? भर."

त्यानंतर रविवारच्या फोनवर तुम्ही पाण्याचं कधी विचारलं नाहीत. त्यापासून सातव्या महिन्यात दादाचा फोन आला आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी त्या दिवशी काय केलं ते कळायला मला फार उशीर लागला. तुम्ही उतारावरचं पाणी बघत बसलात, हजारो मैलांवरच्या एका ड्राइव्हवेचा उतार डोक्यात आणलात, आणि आपलंच काम चुकलं हे शोधून काढलंत. तुमच्या आख्ख्या नोकरीत याहून अवघड गळती तुम्ही शोधली नसेल. आणि मी काय केलं, तर तुम्हाला कोचावर बसवलं. तव्याच्या वेळी म्हणाले होते तेच शब्द, फक्त गोड आवाजात. तुम्हाला हवं होतं ते खरं उत्तर, "हो बाबा, बरोबर ओळखलंत," एवढंच. ते द्यायला माझ्याकडे टॉवेलभर पुरावा होता. माझा आवाज तुम्ही ओळखला असेल का? नऊ वर्षांची असताना माझा फ्रॉक न सांगता दिसला होता तुम्हाला. मी हे कितीदा मनात घोळवलंय, काही कळत नाही.

त्याच दिवशी बर्फ बाजूला सारून, स्क्रूड्रायव्हर घेऊन ती पट्टी काढता आली असती. काढली असती तर खोटं बोलले हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. आणि तुम्ही गेल्यावर तर ती पट्टी म्हणजे या देशात तुमच्या हातचं शेवटचं काम, तिला हात लावायची कुणाची टाप होती? जावई दोन-तीनदा म्हणाले, "अगं, हे ओपन करून बघू या ना एकदा, मला स्मेल येतोय." मी त्यांच्याशी भांडले. तुमच्या त्या फोनबद्दल मी त्यांना सांगितलंच नव्हतं, दादालाही नाही. मी टॉवेल बदलत राहिले. तीन उन्हाळे. शेवटी ट्रेलर काढायचा ठरवला, तेव्हा बघायला आलेल्या माणसाने त्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो शिऱ्यात चमचा जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. खालचं सगळं लाकूड कुजलेलं. त्याने खाली वाकून पाहिलं, त्या गुळगुळीत सीलंटवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हू सील्ड धिस?" जावयांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आय डिड." भंगाराच्या भावात ट्रेलर गेला, तुमच्या पट्टीसकट. ती मागून घ्यायचं मला सुचलंही नाही.

हे लिहिताना दुपार होत आली. आभाळ भरलंय. समोरचा गृहस्थ अजून तिथेच आहे, खालचं सिलिकॉन सुरीने खरवडून काढतोय. मघाशी माझ्याकडे बघून त्याने हात केला. त्याला जाऊन उत्तर देणार आहे मी. सांगणार आहे की माझे वडील बसमध्ये खडू घेऊन बसायचे, त्यांनी एकदा नेमकी हीच चूक केली आणि ती कळली त्याच दिवशी जगाच्या दुसऱ्या टोकाहून फोन करून सांगितली, म्हणून मला माहीत आहे. पण ते त्याला आधी आणि तुम्हाला नंतर कळावं हे बरं दिसत नाही, म्हणून हे लिहायला बसले. पाठवायची सोय नाही. कराडच्या घरात दादाने भाडेकरू ठेवलेत, भली माणसं आहेत, पत्र उघडतील आणि काळजीत पडतील. तेव्हा कागद इथेच राहील. पण दर रविवारी तुम्ही फोनवर विचारायचात, त्याचं उत्तर देते.

पाणी येत होतं, बाबा. पहिल्याच पावसापासून.